उष्टा हात

आंबेदऱ्यात कुणाचेही कान टोचलेले नव्हते. बारशाला आलेला परगावचा पाहुणा हमखास विचारायचा, ‘‘सोनार कधी येणार?’’ आणि गावच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. इथल्या पोरींची कर्णफुलं दोऱ्यात ओवून कानावरून अडकवलेली असत. पोरगी सायकलवरून जोरात गेली की फूल गटारात आणि घरी आल्यावर पाठीत धपाटा. पण सुई नाही. कानाला नाही, नाकाला नाही, दंडाला तर नाहीच नाही.

गाव अक्षतपंथाचं. साताऱ्याच्या डोंगरातल्या एका घळीत मावेल एवढा हा पंथ, बाहेर त्याचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. देह अखंड मिळाला, अखंड परत करायचा, ही त्यांची सगळी शिकवण. शेतात कोयता लागला तर तो अपघात, त्याचं पाप नाही. पण आपण होऊन रक्ताचा थेंब काढायचा नाही, आणि आपल्या मर्जीशिवाय परकं काही अंगात शिरू द्यायचं नाही. पंथाचे प्रमुख यशवंतराव सावळे. त्यांना लहानथोर सगळेच आप्पा म्हणत.

शरयू ही आप्पांची एकुलती लेक. नवरा गेल्यावर मुलीला, मनूला घेऊन ती माहेरी परतली होती आणि गावच्या शाळेत शिकवत होती. अंधश्रद्धाळू म्हणावं अशी बाई नव्हे. विज्ञान तीच शिकवायची. पण तिच्या आईच्या आतड्याला पीळ पडला, तेव्हा डॉक्टर आप्पांवर ओरडले होते, आणि आप्पा एवढंच म्हणाले होते, ‘‘मला नका इचारू, तिला इचारा.’’ तिला विचारलं. तिने शुद्धीत, डोळे उघडे ठेवून, शस्त्रक्रियेला नाही म्हटलं. ते मरण शरयूने जवळून पाहिलं होतं आणि त्याबद्दल बापाला कधी बोल लावला नव्हता. निर्णय आईचा होता, आईनेच तो भोगला.

मग निळी आली. आधी साधं पडसं, मग ताप, मग ओठ आणि नखं निळी पडायची, म्हणून निळी. वटवाघळांतून आली की डुकरांतून, यावर टीव्हीवर तज्ज्ञ भांडत राहिले आणि तोवर ती बंदरांतून शहरांत आणि शहरांतून तालुक्याला पोचली. मुलं जास्त मरत होती. एवढ्या माणसांना सुई टोचायची तर वर्ष गेलं असतं, म्हणून शास्त्रज्ञांनी वेगळाच मार्ग काढला.

त्यांनी पसरणारी लस केली. कल्पना अगदीच नवी नव्हती. जुने पोलिओचे थेंबसुद्धा एका मुलाकडून दुसऱ्याकडे थोडेफार जायचेच. इथे त्या गुणाचाच उपयोग करून घेतला होता. निळीच्याच विषाणूचे दात काढून त्याला गरीब केलं होतं. जिभेवर दोन थेंब टाकले की तो पंधरा-वीस दिवस घशात वाढायचा, आणि तेवढ्या दिवसांत थुंकीतून, उष्ट्यातून, अगदी जवळच्या श्वासातून पुढच्या माणसात जायचा. ज्याच्यात गेला त्याला दोन दिवस नाक गळण्यापलीकडे काही व्हायचं नाही, आणि त्यालाही संरक्षण मिळायचं. दोन-तीन माणसं ओलांडली की विषाणू आपोआप थकून संपेल, अशी सोय त्याच्या रचनेतच होती. एकदा संरक्षण आलं की त्या अंगात तो पुन्हा वाढत नसे. लोक तिला फिरती लस म्हणू लागले. घरात एकाने थेंब घेतले की घर सुटलं.

अक्षतपंथाची पंचाईत झाली ती इथेच. आजवर सुई नाकारली की काम भागायचं. आता शेजारी खोकला तरी लस अंगात येणार! आप्पा न्यायालयात गेले. ‘‘आता सुईच नाही, मग तुमची हरकत कशाला?’’ असं त्यांना विचारलं गेलं. आप्पा म्हणाले, ‘‘साहेब, दार फोडून आला काय आन् दार उघडं बघून आला काय, न इचारता आत आला त्यो चोरच की.’’ हे वाक्य वर्तमानपत्रांत छापून आलं. त्यामागचा बाकीचा सगळा युक्तिवाद मात्र शरयूने रात्रंदिवस खपून लिहिला होता, आणि मनापासून लिहिला होता.

निकाल त्यांच्या बाजूने लागला. ज्यांच्या सद्सद्विवेकाला लस मान्य नाही त्यांना सवलत मिळाली, पण त्यांनी आखलेल्या हद्दीतच राहायचं. आणि थेंब घेतलेल्याच्या मनगटावर पट्टी बांधायची. ती पिवळी असेपर्यंत त्याने सवलतीच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही, पांढरी झाली की मोकळा. आंबेदऱ्याभोवती खांब रोवले गेले. गावाने त्या दिवशी पुरणपोळ्या केल्या.

पुढच्याच महिन्यात पलीकडच्या खोऱ्यात, सवलत घेतलेल्याच दुसऱ्या एका वस्तीत निळी शिरली. शाळेतल्या संगणकावर शरयूने तिथली छायाचित्रं पाहिली. चादरीखाली झाकलेली लहान लहान शरीरं होती. एका चादरीतून बाहेर आलेल्या पायात मनूच्या होत्या तशाच चपला होत्या.

दुसऱ्या दिवशी ती हद्दीबाहेरच्या उपकेंद्रात गेली. तिथल्या सुलभा सिस्टर तिला ओळखत होत्या.

‘‘बाई, तुम्ही? तुम्हीच तर कोर्टात...’’

‘‘मी सज्ञान आहे ना? मग मला द्या.’’

‘‘देते की. पण मग पट्टी पांढरी होईपर्यंत गावात जायचं नाही. इथं माझ्या खोलीत राहा हवं तर.’’

‘‘साताऱ्यात ओळखीच्यांकडे राहते,’’ शरयू म्हणाली. आयुष्यात ती फारशी खोटं बोलली नव्हती, म्हणून सिस्टरांना शंका आली नाही.

ती घरी गेली. लांब बाह्यांच्या झंपराखाली पट्टी लपवली आणि रोज संध्याकाळी मनूसोबत एका वाटीतून दूध पिऊ लागली. तिला एवढंच करायचं होतं. पोरगी वाचावी, बाकी गावाचं गावाला. जेवताना ती आप्पांपासून लांब बसत होती, आपलं ताट वेगळं घासत होती. पण अमावास्या जवळ आली होती, आणि अमावास्येला एकताट असे.

एकताट म्हणजे या पंथाचा सगळ्यात मोठा सोहळा. मठीत गाव जमायचं. वर्तुळात बसायचं आणि मधल्या दांडग्या परातींतून गूळ घातलेला दूधभात सगळ्यांनी हाताने खायचा. भात कालवायचा मान प्रमुखाच्या घरच्या बाईचा, म्हणजे आई गेल्यापासून शरयूचा. कालवणारीने आधी स्वतः घास घ्यायचा, बोटं चाटायची, आणि तोच उष्टा हात पुन्हा परातीत घालून सगळा भात कालवायचा. इथे कुणाचं उष्टं कुणाला वर्ज्य नाही, हे दाखवण्यासाठी.

‘‘शरे, हात धू. लोक खोळंबल्यात,’’ आप्पांनी हाक मारली.

बाहेरच्या बायांसारखी ‘अडचण आहे’ म्हणायची सोय नव्हती. पंथ असला विटाळ मानत नसे, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! ताप आहे म्हणता आलं असतं. तिने तसं ठरवलंही होतं. पण परातीपाशी बसल्यावर समोर तिच्या वर्गातली पोरं दिसली, कानावर दोऱ्याची फुलं अडकवलेली, भाताकडे बघत बसलेली. त्यांना कुणी विचारलं होतं? शरयूने घास घेतला. बोटं चाटली. आणि हात परातीत घातला.

खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला आनंद झाला. भीती नंतर वाटली.

दोन-चार दिवसांत सगळं गाव शिंकू लागलं. ‘‘हवा बदलली,’’ आप्पा उपरण्याला नाक पुसत म्हणाले. मग शिंका थांबल्या. निळी खोऱ्यात उतरली, वरच्या वाडीत माणसं मेली, खालच्या वाडीत मेली, आणि आंबेदऱ्याला वळसा घालून पुढे गेली. गावात कुणाचं नखसुद्धा निळं झालं नाही. शरयूची पट्टी पांढरी झाली. तिने ती चुलीत टाकली आणि आपण वाचलो असं समजली.

तिला वाटलं होतं की लोक म्हणतील, नशीब. लोक म्हणाले, आप्पा.

आधी एक गाडी आली, मग रीघ लागली. सवलत तर आता कायद्यानेच होती, आणि सवलत घेऊन आंबेदऱ्याच्या हद्दीत राहिलं की निळी शिवत नाही, हे डोळ्यांनी दिसत होतं. गावाबाहेरच्या, पण खांबांच्या आतल्या माळावर पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. शिकलेली, नोकऱ्यांची माणसं थेंब न घेता पोराबाळांसकट तिथे येऊन राहिली. आप्पा कुणाला बोलवत नव्हते, पण ‘‘ज्याचा त्याचा इवेक’’ म्हणून कुणाला परतही लावत नव्हते. शरयूने आडून आडून सांगून पाहिलं, की इकडे गर्दी करू नका, थेंब घ्या. लोक तिच्याकडे बघून हसत. देवळातल्या पुजाऱ्याने देवळात येऊ नका म्हणावं, तसं ते ऐकू येत होतं.

त्या माळावर वंदना होती. साताऱ्यात बँकेत होती, पंथाशी काही संबंध नव्हता. नवऱ्याने थेंब घेतले म्हणून त्याला सोडून ती सात-आठ वर्षांच्या ईशानला घेऊन आली होती. ईशान मनूच्या वर्गात बसू लागला. पाढे म्हणताना डोळे मिटून घ्यायचा. मनूचं बघून त्याने कानावर दोऱ्याचं फूल लावून घेतलं होतं आणि सगळ्या वर्गाने त्याची टर उडवली होती, तरी काढलं नव्हतं.

‘‘शरयूताई, तुमच्यामुळे मला झोप लागते हो,’’ वंदना एकदा म्हणाली.

मग माळावरच्या एका शेडमध्ये एक म्हातारा तापला आणि त्याची नखं निळी झाली.

त्याच दुपारी शरयूने आप्पांना सगळं सांगितलं. ते गोठ्यात गाईला चारा टाकत होते. ऐकून घेईपर्यंत हातातली पेंढी त्यांनी खाली ठेवली नाही.

‘‘माझ्या बी अंगात?’’

‘‘तुमच्या, माझ्या, सगळ्या गावाच्या. म्हणून आपण जिवंत आहोत, आप्पा. त्यांच्या अंगात काही नाही.’’

‘‘मला इचारलं का न्हाईस?’’

‘‘तुम्ही नाही म्हणाला असता.’’

‘‘व्हय. न्हाई म्हणलो असतो. आन् मेलो असतो.’’ आप्पांचा आवाज चढला नाही, त्याचाच तिला जास्त त्रास झाला. ‘‘पर त्यो मी मेलो असतो, शरे. आता हे जगतंय ते कोण?’’

‘‘आणि पोरं? त्यांनी कधी म्हटलं होतं, आम्हाला मरायचंय म्हणून?’’

आप्पा गाईच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. बापाला असं दुबळं झालेलं शरयूने कधी पाहिलं नव्हतं, आईच्या वेळीही नाही. तिला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण कुठल्या तोंडाने पडणार?

दुसऱ्या दिवशी तिने माळावर उभं राहून सगळ्यांना खरं सांगितलं. कुणी आरडाओरडा केला नाही. एक निवृत्त इंजिनिअर होते, त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘बाई, सरकारने तुमच्यावर दबाव आणलाय, कळतंय आम्हाला. नोकरीचा प्रश्न असतो.’’ मग ते बाकीच्यांकडे वळून म्हणाले, ‘‘बघा, आता घरातलीच माणसं फोडायला लागले.’’

पुरावा हवा होता. सुलभा सिस्टर हद्दीवर आल्या, शरयूला मनसोक्त बोलल्या, आणि मग म्हणाल्या की पुरावा आहे. लसीच्या विषाणूत शास्त्रज्ञांनी मुद्दाम एक खूण ठेवली होती. रक्ताच्या थेंबाची चाचणी केली की निळी होऊन बरा झालेल्याची एकच रेघ उमटते, लसवाल्याच्या दोन.

‘‘थुंकीवर नाही होत?’’ शरयूने विचारलं.

‘‘एवढ्या दिवसांनी घशात काय राहणार? रक्तच लागेल.’’

शरयूने स्वतःचं बोट पुढे केलं. सिस्टरांनी मान हलवली. तिच्या रक्ताने तिच्यापुरतंच सिद्ध झालं असतं. गावातलं कुणीतरी हवं होतं, आणि माळावरची माणसं ज्याच्यावर विश्वास ठेवतील असा माणूस एकच होता.

आप्पा ओसरीवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, ‘‘अमावास्येला माळावरच एकताट करू. तवा देतो बोट.’’

सिस्टरांनी थेंबांच्या कुप्या बर्फाच्या डब्यातून आणून दिल्या, मागेल त्याला द्यायच्या या बोलीवर. अमावास्येच्या सकाळी शरयूने डबा उघडला आणि आप्पांसमोर ठेवला.

‘‘भात गार झालाय. यात मिसळून देते. कुणाला कळणार नाही. माळावरचं सगळं माणूस वाचेल, आप्पा. आजच गेलं तर वेळ आहे अजून.’’

‘‘सांगून द्यायचं.’’

‘‘सांगितलं तर खाणार नाहीत!’’

‘‘मग न्हाई खाणार. एकदा झाली तेवढी चोरी पुरं.’’

‘‘ती पोरं मरतील हो...’’

‘‘तुला वाटतं मला कळत न्हाई?’’ आप्पा पहिल्यांदाच ओरडले. ‘‘मी तुझ्यावर इश्वास टाकून घास घेतला व्हता, शरे. आता ती समदी माझ्यावर टाकून घेणार. त्यांच्या घासात मी लपवून काय बी घालणार न्हाई.’’

कुप्या त्यांनी आपल्या हाताने परातींत ओतल्या. त्या दिवशी भातही त्यांनीच कालवला. शरयूने ठरवलं असतं तर डबा त्यांच्यासमोर ठेवण्याआधीच, त्यांना न विचारता, ते उरकता आलं असतं. ते तिच्या मनात आलं होतं. पण बापाच्या पाठीमागे तेच पुन्हा करायला तिचा हात धजला नाही.

माळावर गर्दी जमली. पुढच्याच ओळीत ईशान वंदनाच्या मांडीवर बसला होता. आप्पांनी आधी सिस्टरांपुढे हात केला. सत्तरी उलटलेल्या त्या हातावर कोयत्याचे, काट्यांचे, विळ्याचे व्रण होते, पण मुद्दाम टोचलेला एकही नव्हता. बोटाला सुई लागली तेव्हा त्यांनी डोळे मिटले. सिस्टरांनी थेंब टिपला. थोड्या वेळाने चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या आणि आप्पांनी ती सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

‘‘ही लस हाय. माझ्या अंगात लस हाय. मला ठावं न्हवतं, आता ठावं झालं. मी वाचलो त्यो हिच्यामुळं. देवाचा हात न्हाई त्यात, माझा तर न्हाईच न्हाई.’’

मग मागून एक बाई हुंदका देऊन म्हणाली, ‘‘आमच्यासाठी रक्त काढलंत, आप्पा!’’ आणि ती पुढे येऊन रक्ताचा तो कापसाचा बोळा उचलू लागली. सिस्टरांनी तो हिसकावून घेतला.

‘‘ऐका!’’ आप्पा म्हणाले. ‘‘ह्या परातींत बी तीच लस हाय. मी माझ्या हातानं घातलीय. ज्याला पायजे त्यानं खावं. ज्याला नको त्यानं उठावं.’’

माणसं एकमेकांकडे बघू लागली. दोघी-तिघींचे हात परातीकडे गेलेही होते. तेवढ्यात ते इंजिनिअर उभे राहिले. त्यांचा चेहरा उजळला होता.

‘‘परीक्षा आहे ही! आप्पा आपली निष्ठा बघतायत!’’

आणि त्यांनी हात जोडले आणि बाजूला झाले. त्यांच्यामागून दुसरा उठला. मग ओळीच्या ओळी उठल्या. आप्पा ‘‘अरे न्हाई, न्हाई रं, परीक्षा न्हाई ही’’ म्हणत राहिले, पण उठणारा प्रत्येक जण त्यांना वाकून नमस्कार करत होता. वंदना सगळ्यात शेवटी उठली. ईशानने भाताकडे बोट दाखवून भूक लागल्याचं सांगितलं. तिने शरयूकडे पाहिलं, आप्पांकडे पाहिलं, आजूबाजूच्या उभ्या माणसांकडे पाहिलं, आणि मुलाचा हात धरून ती शेडकडे चालू लागली. शरयू तिच्यामागे धावली. ‘‘वंदना, मी पाया पडते तुझ्या.’’ वंदना थांबली नाही.

भात पुरून टाकावा लागला.

पुढच्या पंधरवड्यात माळावरून रोज कुणी ना कुणी नेलं जात होतं. काहींनी घाबरून थेंब मागितले, बहुतेकांना तोवर ताप भरला होता. इंजिनिअर गेले, त्यांची सून गेली. ईशान गेला तेव्हा त्याच्या कानावर दोऱ्याचं फूल तसंच होतं. ते मनूने दिलेलं होतं, म्हणून वंदनाने सोडवून ठेवलं.

ते परत करायला ती सावळ्यांच्या घरी आली. आप्पा ओसरीवर बसून होते. त्या दिवसापासून ते मठीत गेले नव्हते, आणि सारखं त्या बोटाच्या टोकावरून अंगठा फिरवत असत. शरयू दारात उभी होती. वंदनाने फूल उंबऱ्यावर ठेवलं. ती रडत नव्हती.

‘‘मला फक्त एक विचारायचंय,’’ ती म्हणाली. ‘‘तुमच्या पोरांना न विचारता दिलंत ना?’’

शरयू फूल उचलायला वाकली.

‘‘मग माझ्या पोराच्या वेळी विचारलंत कशाला?’’